खांब दिसला होता

नखाखाली अडकलेला पिवळा रंग निघता निघत नव्हता. मल्हारीने काडेपेटीतल्या काडीचं टोक घालून पाहिलं, मग दात लावून पाहिले, मग नाद सोडून दिला... सकाळी पिकअपच्या मागच्या बंपरवरून हात फिरवताना केव्हातरी तो तिथे शिरला असणार, सोसायटीच्या फाटकाच्या खांबाचा जाड ऑइल पेंट, असा पिवळाधमक की आंधळ्यालाही दिसावा. आंधळ्यालाही. हा शब्द मनात आला आणि त्याने काडी मोडून टाकली.

समोर हरकेश डेंटर गाडीखाली उताणा पडून बंपरचे नट सोडवत होता. दिल्लीतल्या पालमच्या त्या अरुंद गल्लीत त्याचं दुकान म्हणजे पत्र्याचं एक छप्पर, खाली तेलाने काळी झालेली जमीन आणि गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकची एकच खुर्ची, जिचा एक पाय विटेवर टेकवलेला होता. त्या खुर्चीत मल्हारी अंग आखडून बसला होता. थंडी होती, उन्हाला जोर नव्हता, आणि धुकं अजून गल्लीच्या टोकाशी रेंगाळत होतं.

"फौजी साब, नट सारे जाम हैं," गाडीखालून आवाज आला. "नया ही डलवा लो."

"सीधा कर. लोहा है, सीधा हो जाएगा."

"हो तो जाएगा... निशान रहेगा थोड़ा."

तसं लागलं तरी कितीसं होतं? उजवा कोपरा आत दबला होता, दिव्याची काच फुटली होती, पत्रा जरासा मुरडला होता—रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरने वर एक शिवी हासडून सोडून दिलं असतं. फौजेत मात्र एवढ्यासाठीही चौकशी बसली असती. साहेब टेबलामागे, आपण सावधान, आणि पहिला प्रश्न ठरलेला: पीछे कौन था? गाडी मागे घेताना ठोकली तर आधी मागच्या माणसाला उभं करायचं, ड्रायव्हरला नंतर. इथे रविवारपासून सगळे बोलत होते, सल्ले देत होते, हळहळत होते, पण तो एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मागे कोण होतं?

मागे राजवीर होता. त्याचा मुलगा.

रविवारी राजवीरचं सामान हलवायचं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याने आणि केतकीने द्वारकेत फ्लॅट घेतला होता, लिफ्टचा, फाटकावर गार्ड असलेला, आणि राजवीरची आई सुनयना आठवडाभर शेजारपाजारी सांगत हिंडत होती की जवळच आहे हो, पालमहून हाकेच्या अंतरावर—रडू येऊ नये म्हणून सांगत होती, हे मल्हारीला कळत होतं. पलंग, कपाट, कपडे धुण्याचं मशीन, शिवाय सुनयनाने आग्रहाने दिलेला पाटा-वरवंटा, जो केतकी जन्मात वापरणार नव्हती. सगळं पिकअपमध्ये घालून दोघं बापलेक निघाले. फाटकाशी केतकीचे वडील अण्णासाहेब उभे होते—केंद्र सरकारच्या खात्यातून निवृत्त झालेले, सरोजिनी नगरच्या क्वार्टरात उभी नोकरी काढलेले, कोट-मफलर घातलेले सज्जन गृहस्थ. त्यांनी नमस्कार केला, मल्हारीने खिडकीतूनच हात जोडले. आत गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून ती उलटी आत घ्यायची होती. राजवीर उतरला आणि मागे जाऊन उभा राहिला.

"आने दो, आने दो..."

डाव्या आरशात राजवीर दिसत होता, हात हलवत. उजव्या आरशात खांब दिसत होता, हळूहळू मोठा होत.

दिसला होता. मला खांब दिसला होता. बुडाशी उडालेला त्याचा रंगसुद्धा दिसला होता, आणि त्याला टेकवून ठेवलेला खराटा. पाय ब्रेककडे गेलाही होता... आणि मागून तोच आवाज आला, आने दो, पप्पा, आने दो, मोकळा, खात्रीचा, आणि पाय जिथे होता तिथेच राहिला. कारण ड्रायव्हिंगच्या उस्तादाने ऐन विशीत डोक्यात ठोकून बसवलं होतं: पीछे आदमी खड़ा है तो गाड़ी उसकी, स्टीयरिंग तेरा, शीशे में दीवार मत देख, आदमी देख, एक गाड़ी के दो मालिक हुए तो ठुकेगी. दिवे बंद ठेवून डोंगरात गाड्या मागे घेतल्या तेव्हा हेच कामाला आलं होतं. मागच्या चाकाखाली दरी, आणि मागे उभा कुणीतरी गढवाली, कुणीतरी तमिळ, ज्याचं नावही धड ठाऊक नाही, तो अंधारात म्हणायचा, आने दो, आणि मल्हारी येऊ द्यायचा. तो म्हणायचा, बस, आणि मल्हारी थांबायचा. सकाळी उजेडात चाकाच्या खुणा पाहिल्या की त्या माणसाला चहा पाजावासा वाटायचा. त्या परक्या पोरांपैकी एकानेही दगा दिला नाही. एकानेही.

घासल्याचा आवाज झाला, काच फुटली, आणि मग राजवीर म्हणाला, "बस, बस, बस!"

मल्हारी उतरून मागे गेला. राजवीर होता तिथेच उभा होता. हातात मोबाइल नव्हता, तो कुणाशी बोलत नव्हता. तो खांबाकडे पाहत होता. मग गार्ड धावत आला, वरच्या बाल्कनीतून कुणी डोकावलं, अण्णासाहेब 'अरेरे' म्हणाले, आणि राजवीरने सगळ्यांकडे वळून, दोन्ही हात पसरून, हसल्यासारखं करत म्हटलं—

"सॉरी, सॉरी... पापा को अब साइड का दिखता नहीं है. कितनी बार बोला है, मत चलाओ."

कितनी बार? एकदाही नाही. आणि हिंदीत! घरात तो मराठी बोलतो, मोडकंतोडकं का होईना, 'खराटा' म्हटलं तर त्याला कळत नाही पण बोलतो. म्हणजे ते वाक्य आपल्यासाठी नव्हतंच, ते गार्डसाठी होतं, बाल्कनीसाठी होतं, अण्णासाहेबांना तर मराठीच सांगता आलं असतं. लोकांना समजेल अशा भाषेत त्याने बापाचे डोळे काढून दिले, आणि बाप तिथे हात जोडून उभा होता, एखाद्या चुकलेल्या हमालासारखा.

गाडीखाली हातोडीचे घाव सुरू झाले. एक नट सुटला असावा, कारण हरकेशने समाधानाने काहीतरी म्हटलं.

लहानपणी—पण लहानपणीच्या गोष्टी आठवायच्या नाहीत असं मल्हारीने सकाळीच ठरवलं होतं, आणि ठरवलं म्हणजे त्या हटकून येणारच... कॅन्टोन्मेंटातल्या क्वार्टरसमोर जुनी जीप लावायची असायची आणि हा, चड्डी सावरत, मागे जाऊन उभा राहायचा. मल्हारीनेच शिकवलं होतं, कुठे उभं राहायचं, ड्रायव्हरला दिसेल असं, हात कसा हलवायचा, 'बस' कसं म्हणायचं—घसा फाटला तरी चालेल पण वेळेवर. एकदा मे महिन्यात सुनयनाने जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि हा असा काही किंचाळला की अख्ख्या लाइनीतल्या बायका बाहेर आल्या. चाक साडीच्या काठावर होतं. एक कुरडई मोडली नाही. रात्री पंगतीत मल्हारीने सगळ्यांना सांगितलं होतं, आपल्या कुरडया राजूने वाचवल्या, आणि पोरगा लाजून आईच्या पदराआड गेला होता. कुरडयांसाठी किंचाळणारा तो, आणि रविवारी... त्याच्या घशाला काय झालं होतं?

नसेल दिसला त्याला खांब. मल्हारीने हेही करून पाहिलं होतं. काल संध्याकाळी तो सुनयनाला काही न सांगता द्वारकेला गेला आणि त्या फाटकाशी, राजवीर उभा होता नेमक्या त्या जागी जाऊन उभा राहिला. खांब डोक्यापासून पायापर्यंत दिसत होता. न दिसायला मध्ये काहीच नव्हतं. तो तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे, शेवटी गार्ड जवळ आला आणि म्हणाला, "किस फ्लैट में जाना है, अंकल?" मुलाच्या, असं मल्हारी म्हणाला नाही. कहीं नहीं, म्हणाला आणि मागे फिरला.

हे सुनयनाला सांगता आलं असतं. रविवारी रात्री ती म्हणालीच होती, पाय चेपत चेपत, की एकदा डोळे दाखवून या हो, चष्मा लागला तर लागला, त्यात काय. मला खांब दिसला होता—एवढं एक वाक्य. पण ते उच्चारलं की पुढचं वाक्य आपोआप येणार: मग थांबला का नाहीत? आणि त्याचं उत्तर: कारण राजू म्हणाला, येऊ द्या. आणि त्यापुढे: राजूला दिसत होता का? इथवर आलं की घराची भिंतच खचणार. आपले डोळे शाबूत आहेत हे सिद्ध करायचं तर मुलगा खोटा आहे हे सिद्ध करावं लागतं. मुलगा खरा ठेवायचा तर आपण आंधळे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते दुसऱ्यांच्या बाबतीत किती सहज म्हणतो आपण.

तो खुर्चीत सावरून बसला आणि समोरच्या पाट्या वाचू लागला. गल्लीपलीकडे पानवाल्याची टपरी, तिच्यावर मोबाइल रिचार्ज, त्याखाली बारीक अक्षरात 'उधार मांगकर शर्मिंदा न करें'. त्याहून पलीकडे शिकवणीची जाहिरात, तिच्यावरचा फोन नंबर, शेवटचा आकडा पावसाने पुसलेला. डावा डोळा झाकून वाचलं. उजवा झाकून वाचलं. सगळं दिसतंय. मला सगळं दिसतंय. साठीच्या अलीकडे असा एकेक डोळा झाकून रस्त्यात बसलेला माणूस लोकांना कसा दिसत असेल, हेही दिसतंय.

हरकेशने बंपर उतरवला आणि दोन्ही हातांनी उचलून दगडावर आणून ठेवला. उतरवलेला बंपर केवढासा दिसतो! गाडीवर असतो तेव्हा गाडीचा वाटतो. खाली ठेवला की नुसता वाकलेला लोखंडी पाट.

"रंग तो पूरा पीछे का करना है ना, फौजी साब?" हरकेशने गॅसची नळी उलगडत विचारलं.

"पूरा काहे को? कोना कर दे."

"राजवीर भाई का तो फोन आया था सुबह. बोले, पूरा पीछा चमका देना, कोई देखने आ रहा है संडे को."

"क्या देखने?"

"गाड़ी." हरकेशने मान वर केली. "बेच रहे हो ना आप?"

मल्हारी हसला. का हसला ते त्याला कळलं नाही. तोंड आपलं आपण हसलं, परक्या माणसापुढे घरातलं काही सांडू नये म्हणून शिकलेलं तोंड. "हां, हां," तो म्हणाला, "पूरा कर दे." मग लघवीला जायचं म्हणून उठला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि तिथे एका बंद शटरपाशी उभं राहून सुनयनाला फोन लावला.

"झालं का हो? जेवायला येताय ना? भाकरी टाकते."

"आपण गाडी विकायला काढली आहे का?"

पलीकडे कुकर शिट्टी देत होता. सुनयनाने गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं.

"कोण म्हणालं?"

"हरकेश."

"अहो, मी आज सांगणारच होते. राजू म्हणाला, मी बोलतो पप्पांशी, मम्मी, तू बीच में मत आ... मग मी गप्प बसले."

"कधी ठरलं हे?"

"ठरलं असं नाही काही... दिवाळीत आले होते ना दोघं, तेव्हा विषय निघाला. थंडीत धुकं असतं, पानिपतचा हायवे, ते ट्रकवाले कसे चालवतात तुम्हीच सांगता... काळजीच वाटते त्याला तुमची. बिल्कुल झोप लागत नाही म्हणाला."

"आणि तू हो म्हणालीस."

"मी कुठे हो म्हणाले?" ती म्हणाली, आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "नाही म्हणाले नाही, एवढंच."

भाकरी टाकू नको, असं सांगून त्याने फोन ठेवला.

दिवाळीत. म्हणजे खांबाच्या आधी. मल्हारी शटरला टेकून उभा राहिला आणि मनातल्या मनात घटना पुन्हा ओळीने लावू लागला, कारण ओळ चुकली होती; रविवारपासून तो धरून चालला होता की आधी खांब आणि मग बाकी सगळं, आधी ठोकर, मग ओशाळं होऊन राजवीरने काहीतरी बोलणं, मग डोळे, मग सल्ले... आणि आता कळत होतं की बाकी सगळं आधीच तयार होतं. दिवाळीच्या फराळाच्या ताटाभोवती ते बोललेलं होतं, आपण खाली गाडी पुसत असताना. निर्णय तयार होता, फक्त निमित्त यायचं होतं. आणि ते आलं, सावकाश, उलट्या गियरमध्ये, आने दो आने दो म्हणत.

फसवलं. दुसरा शब्द नाही. दोघांनी मिळून मला फसवलं.

एवढं वाटलं आणि लगेच मन वकिली करायला लागलं, बापाचं मन, त्याला तरी दुसरं काय येतं. काळजीने केलं असेल. पानिपतहून ब्लँकेट आणि चादरी भरायच्या आणि सरोजिनी नगरच्या दुकानांत टाकायच्या, पहाटे निघायचं, धुक्यात पुढच्या ट्रकचा दिवा धरून चालायचं, हे त्याला घाबरवत असेल. सुरुवातीला तोच सगळ्यांना हसून सांगायचा, आमचे पप्पा दर आठवड्याला पानिपतवर जातात आणि जिंकून येतात. त्या पोराला भीती वाटली तर चूक काय? पण भीती वाटते तर समोर बसून सांगावं, पप्पा, मला भीती वाटते. बापाने आरडाओरडा केला असता, चार दिवस अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी कदाचित चावी काढून दिलीही असती. आणि काळजी नसेल, लाज असेल तर? त्या फाटकातून मालवाहू पिकअप आत येते, तिच्यावर चादरींच्या दुकानाचं नाव, तिच्यातून उतरतो खाकी स्वेटरमधला बाप, आणि बाजूला मफलरमधले अण्णासाहेब... लाज असेल तर तीही समजून घेता आली असती. मी तरी माझ्या बापाबरोबर बाजारात जाताना चार पावलं मागे चालायचोच की. समजून घेता येत नव्हतं ते एवढंच, की त्याने हे सगळं मी कान लावून ऐकत असलेल्या आवाजातून केलं. मी डोळे त्याच्या हवाली केले होते, आणि तेच डोळे मला नाहीत म्हणून त्याने चारचौघांत सांगितलं.

पण मुद्दाम केलं का? हे कुणाला विचारायचं?

तो परत येऊन खुर्चीत बसला. दुपारभर हरकेश काम करत होता आणि मल्हारी बघत होता, म्हणजे डोळे तिकडे होते. निळी ज्योत लोखंडाला लावली की कोपरा लालसर व्हायचा, मग दगडावर धरून आतल्या अंगाने घाव, पुन्हा ज्योत, पुन्हा घाव. दबलेला कोपरा हळूहळू बाहेर येत होता. मग पुट्टी, मग घासणं, मग बंपर जागेवर चढवून प्रायमर, मग पांढरा रंग, नवा दिवा. पानवाल्याने न सांगता चहा पाठवला, तो गार होऊन साय धरेपर्यंत तसाच राहिला. मध्येच मल्हारीच्या मनात आलं, उठावं, गाडी आहे तशी काढावी आणि सरळ पानिपतला जावं. माल नसला तरी जावं. मग काय करावं तिथे? हे काही सुचेना, म्हणून तो बसून राहिला.

दिवस कलला तेव्हा राजवीर आला. मेट्रोतून उतरून थेट, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी, पाठीला बॅग. लांबूनच तो बापाकडे न पाहता आधी गाडीकडे पाहत आला.

"अरे वा, एकदम नवीन दिसते यार," तो म्हणाला. "झालं ना, पप्पा?"

"झालं. रविवारी कोण येणार आहे बघायला?"

बॅगेचा पट्टा राजवीरने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"मी सांगणारच होतो तुम्हाला."

"सगळे सांगणारच होते."

"पप्पा, प्लीज. इथे नको." त्याने हरकेशकडे पाहिलं, हरकेश पाठ करून ब्रश धूत होता. राजवीरने आवाज खाली आणला. "तुम्ही ऐकलं असतं का? खरं सांगा. धुक्यात तुम्ही पहाटे निघता, फोन उचलत नाही, मम्मी इकडे मला फोन करते, मी तिकडे मीटिंगमध्ये... काही झालं तर? और अब तो झालंच ना. त्या दिवशी खांब होता म्हणून. खांबाच्या जागी कुणी लहान मूल असतं तर?"

"मला दिसतं, राजू."

"मग खांब?"

तो घाईत बोलून गेला होता. बोलल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं असावं, कारण त्याने नजर गाडीकडे वळवली. हात ओळखपत्राशी चाळा करू लागला. आणि मग त्याने पुन्हा विचारलं, पण या वेळी हळू, बापाच्या तोंडाकडे टक लावून—

"खांब दिसला नव्हता ना तुम्हाला?"

त्या 'ना'वर किती भार होता! मल्हारीने मुलाचं तोंड पाहिलं. ते कुरडयांच्या वेळचं तोंड होतं, गाल वर आलेले, डोळे मोठे. आणि त्या डोळ्यांत भीती होती, बापाच्या पानिपतच्या रस्त्याची नव्हे, बापाच्या उत्तराची. दिसला होता, एवढं म्हटलं की झालं. पाच अक्षरं. आपण सुटतो, गाडी राहते, डोळे राहतात. आणि हा? हा इथे, डेंटरच्या दुकानात, ओल्या रंगाच्या वासात, बापासमोर खोटा पडून उभा राहील, आणि त्यानंतर रात्रीच्या जेवणाला कोण कुणाच्या ताटात काय वाढणार... मुलाविरुद्ध खटला जिंकून बाप कुठे मिरवणार आहे?

"नाही," मल्हारी म्हणाला. "नाही दिसला."

राजवीरने श्वास सोडला. खांदे खाली आले, मान सैल झाली, चेहऱ्यावर रंग आला, तो हसलासुद्धा थोडा—आणि मल्हारीला हवं ते उत्तर मिळालं. हे उत्तर मागितलं नसतं तर बरं झालं असतं. बापाची दृष्टी गेली हे ऐकून ज्याच्या छातीवरचा धोंडा उतरतो, त्याला खांब दिसलेला असतो. काळजीचा मुलगा हे ऐकून खचला असता. हा सुटला होता.

"असू दे, पप्पा," राजवीर म्हणाला, आणि बापाच्या दंडावर हात ठेवला, खरोखर मायेने. "होतं असं. आता टेन्शन घेऊ नका. द्या चावी, मी काढतो गाडी. तुम्ही जरा मागे बघा, हं? गल्ली टाइट आहे."

तुम्ही मागे बघा. मल्हारी त्याच्याकडे पाहतच राहिला. ज्याला दिसत नाही म्हणून गाडी विकायची, त्यालाच मागे बघायला सांगत होता, आणि यात काही विचित्र आहे हे त्या शहाण्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. चावी दिली. दिली कशी, हातातून गेली.

"पीछे हाथ मत लगाना, रंग गीला है," हरकेश म्हणाला.

राजवीरने सीट पुढे ओढली. इतकी वर्षं ती कुणी हलवली नव्हती, ती करकरली. मल्हारी मागे जाऊन उभा राहिला, ड्रायव्हरला दिसेल असा. गल्लीच्या त्या अंगाला विजेचा लोखंडी खांब होता, त्याच्या बुडाशी उघडी नाली. थांब म्हणून पत्र्यावर थाप मारता येणार नव्हती. फक्त आवाज होता.

"येऊ दे," तो म्हणाला.

गाडी मागे येऊ लागली. ताजा पांढरा बंपर, सरळ, नवा दिवा लाल पेटलेला.

"येऊ दे... येऊ दे..."

बाजूच्या आरशात त्याला राजवीरचा चेहरा दिसला. राजवीर आरशात पाहत नव्हता. दुसऱ्या आरशातही पाहत नव्हता. मान समोर, एक हात स्टीयरिंगवर, दुसऱ्या हाताने तो गळ्यातली पट्टी डोक्यावरून काढत होता, ओठ हलत होते, गाणं असावं काहीतरी. मागे पप्पा आहेत, एवढ्यावर तो गाडी सोडून देत होता. उस्ताद सांगायचा त्याच्याही पुढे—हा तर माणूससुद्धा बघत नव्हता, नुसता आवाज ऐकत होता, बापाच्या आवाजात कधी काही वावगं येऊ शकेल ही शंका त्याच्या मनाला शिवलीच नव्हती. एवढं करूनही नाही.

मल्हारीला त्या विश्वासाचा राग आला. रविवारी आला नव्हता, फोनवर आला नव्हता, मघाशी तो श्वास ऐकूनही आला नव्हता इतका राग आला, पायापासून चढत घशाशी आला आणि तिथेच थांबला. असंच झालं असेल का त्याचं? कुणी काही ठरवत नाही, हात हलत राहतो, तोंड येऊ दे म्हणत राहतं, आणि पुढचा शब्द नुसता उशीर करतो... हे कळून काही हलकं वाटत नव्हतं. उलट आता रागावायचं तरी कुणावर, हेही हातचं जात होतं.

"येऊ दे," तो म्हणाला. त्याचा आवाज मोकळा होता, खात्रीचा.

बंपर आणि खांब यांच्यात हातभर जागा उरली होती, मग वीतभर. त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. 'बस' जिभेवर आला होता, आणि म्हणायला अजून थोडा वेळ होता.